कडू लागलं तर सांगा

"पाहुणा माझ्या घरी, त्याच्या ताटात दोडका,
एक घास घे रे राजा, जीव झालाया रोडका."

आठ वर्षांपूर्वी एका बंद दारापलीकडून ऐकलेला हा आवाज युसराच्या कानात अधूनमधून असाच उमटे, काही कारण नसताना. आताही उमटला. तिनं मान हलवून तो बाजूला सारला आणि सोमनाथच्या डोक्यावरचं पारदर्शक टोपरं वर उचललं.

"दाढी," ती म्हणाली.

"दाढीचं काय?"

"कडू लागलं ना? दाढीतून हवा आत जाते. उद्या काढून या, परत तपासू."

सोमनाथ वॉर्डातला ब्रदर. कडू तोंड पुसत त्यानं विचारलं की बायकोनं ही दाढी बघूनच होकार दिला होता, आता तिला काय तोंड दाखवू? दारातल्या रांगेतून सफाईवाल्या कचरूनं उत्तर दिलं, की हेच दाखव, बिचारीला पहिल्यांदा बघायला मिळंल. रांग हसली. सोमनाथही हसला, आणि टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यानं दोनदा चूळ भरून आला.

तपासणी तशी साधी होती. मास्क घालायचा, वरून टोपरं चढवायचं आणि टोपऱ्याच्या भोकातून कडू औषधाचा बारीक फवारा आत सोडायचा. जिभेला कडू लागलं तर मास्क कुठंतरी गळतो आहे, आणि जिथून कडू शिरतं तिथूनच वॉर्डातली हवाही शिरणार. काही लागलं नाही, तर मास्क चेहऱ्याला बसला. यात यंत्र असं नव्हतंच. समोरच्या माणसाची जीभ आणि त्याचा शब्द, एवढ्यावर सगळा कारभार.

वॉर्ड औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा होता. गेल्या हिवाळ्यात तिथल्या गीताबाई सिस्टर खोकायला लागल्या. चौदा वर्षं ज्या गोळ्या त्या दुसऱ्यांना मोजून देत होत्या, त्याच आता घरी बसून घेत होत्या. तेव्हा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी नियम केला. जो या तपासणीत बसणार नाही, त्यानं वॉर्डात पाऊल ठेवायचं नाही. त्याला धुलाईघरात काम मिळेल. आणि तपासणी करायला चार महिन्यांपूर्वी युसराला नेमलं.

रांग सरत आली. सगळ्यांच्या शेवटी आशाबाई होत्या. खरं तर त्या सकाळी पहिल्या आल्या होत्या, पण मागून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी "तू जा बाबा, मला काय घाई" म्हणून पुढं काढलं होतं, आणि दाराशी उभ्या राहून प्रत्येकाचं ऐकत होत्या. कुणाला कितव्या फवाऱ्याला लागलं, कुणी तोंड कसं वाकडं केलं. कचरू निघाला तेव्हा खोलीत दोघीच उरल्या.

आशाबाई वॉर्डात बावीस वर्षं आया होत्या. करमाडहून रोज सकाळच्या एसटीनं यायच्या. सिस्टरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. युसराची नोकरी लागली त्या पहिल्या दुपारी, ही पोरगी एकटी कोपऱ्यात डबा उघडते आहे हे बघून त्यांनी आपली ज्वारीची भाकरी मोडून अर्धी तिच्या डब्याच्या झाकणात ठेवली होती. तेव्हापासून दोघी एकत्र जेवत.

आता त्या स्टुलावर बसल्या. पदर खोचला, हात मांडीवर ठेवले, फोटो काढायला बसतात तशा.

"मावशी, आधी मास्क नाही घालायचा. नुसतं टोपरं. तोंड थोडं उघडं ठेवा, तोंडानं श्वास घ्या. कडू लागलं की सांगा. तुमच्या जिभेला हे औषध कळतं का, एवढंच बघायचंय."

"मागच्या साली तर हे नव्हतं."

मागच्या साली मास्कच्या कंपनीचा एक माणूस आला होता. त्यानं अर्ध्या दिवसात चाळीस जण उरकले होते. युसरानं ते सांगितलं नाही. तिनं टोपरं आशाबाईंच्या डोक्यावरून अलगद उतरवलं आणि रबरी फुगा हातात घेतला.

पहिले तीन फवारे ती नुसत्या पाण्याचे मारायची. ही सवय तिला शिकवणाऱ्या मॅडमनी लावली होती. माणसं घाबरून हो म्हणतात, घाईनं हो म्हणतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही हो म्हणतात. म्हणून पाण्याला कोण काय म्हणतं ते आधी बघायचं, असं त्या म्हणत. सकाळपासून पंधरा जणांनी पाण्याला काहीच म्हटलं नव्हतं. कचरूनं तेवढं विचारलं होतं, की सुरू केलं का?

दुसऱ्या फवाऱ्याला आशाबाईंचा चेहरा आक्रसला. डोळे मिटले, ओठ मुडपले, जीभ टाळूला लागून वाजली.

"कडू," त्या म्हणाल्या. "लई कडू, बाई."

फुग्यावरची युसराची बोटं थांबली.

तिला वाटलं, घाबरल्या असतील. तिनं काही न बोलता बाटली बदलली आणि खऱ्या औषधाचे फवारे मारले. दहा. वीस. तीस. सोमनाथनं सातव्यालाच "बास बास" म्हणून टोपऱ्याला हात घातला होता.

"आता, मावशी?"

"तेवढंच."

"वाढलं नाही?"

"नाय. तेवढंच की."

त्या शांत बसल्या होत्या. चेहरा आक्रसायचं त्या विसरल्या होत्या. युसराला मागच्या आठवड्यातली वांग्याची भाजी आठवली, मिठानं तोंड पोळेल अशी. त्याच्या आदल्या दिवशीचं वरण, ज्यात मीठच नव्हतं. मावशीचा हात आता चुकतो म्हणून सगळे हसले होते आणि मावशी त्यांच्यात सगळ्यांत मोठ्यानं हसल्या होत्या.

इथंच थांबायला हवं होतं. ज्याच्या जिभेला औषध कळत नाही त्याची पुढची तपासणी करण्यात अर्थ नसतो. पण थांबायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून युसरा नेहमीचं पुढचं करत राहिली. तिनं आशाबाईंना त्यांचा मास्क घालायला सांगितला, नाकावरची तार दोन्ही बोटांनी दाबून घ्यायला लावली. आशाबाईंच्या मागच्या दाढा गेलेल्या, गाल आत गेलेले. मास्कची कड डाव्या गालाशी टेकत नव्हती. त्या श्वास सोडत तेव्हा तिथली एक पांढरी बट हलायची.

टोपरं पुन्हा चढलं. या खेपेला औषध जोराचं होतं. मान डावीकडं, मान उजवीकडं. वर बघा, खाली बघा. खोल श्वास.

"लागतंय काही?"

"काय बी नाय."

आणि या वाक्यात मात्र त्या अजिबात खोटं बोलत नव्हत्या.

"आता एक मिनिट बोलत राहायचं. हा कागद वाचलात तरी चालेल."

"चष्मा नाय आणला. माझं मी काय बी म्हणलं तर चालंल का?"

"चालेल. थांबू नका फक्त."

आशाबाईंनी टोपऱ्याच्या आतून एकदा खिडकीकडं बघितलं, घसा साफ केला आणि दळण दळताना बसावं तसं अंग जरा पुढं केलं.

"चुक्याच्या भाजीमधी, घातलं दाण्याचं कूट,
दोन घास खाऊन, भाऊराया आता ऊठ.
पाहुणा माझ्या घरी..."

पुढचं युसराला ऐकायची गरज नव्हती. पुढचं तिला पाठ होतं.

आवाज मास्कमधून गाळून येत होता, कडा बोथट झालेला, जरासा नाकातला, लांबून आल्यासारखा. त्या बंद दारापलीकडूनही हा आवाज तिनं असाच ऐकला होता, मास्कच्या आडून. रोज दुपारी शेजारी बसून बसच्या गर्दीबद्दल, सुनेबद्दल, शेळीबद्दल बोलणारा उघड्या तोंडाचा आवाज निराळा होता, खरखरीत आणि खणखणीत. चार महिने अर्धी भाकरी वाटून घेतलेली ही बाई आज तोंड झाकल्यावर तिला ओळखू आली.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मोठ्या बहिणीचा निकाह ठरला होता, आणि अब्बांना क्षय झाला हे कुणालाही कळता कामा नये असं घरात ठरलं होतं. शिलाई मशिनी दुरुस्त करणारे इब्राहीमभाई मोठ्या कामासाठी हैदराबादला गेलेत, असं मोहल्ल्याला सांगितलं गेलं. कॉलेजच्या नावाखाली रोज डबा घेऊन यायची ती युसरा. वॉर्डाच्या दारापर्यंतच. दाराची काच डोक्याच्या उंचीपर्यंत पांढऱ्या रंगानं माखलेली. डबा आत जायचा आणि तसाच भरलेला परत यायचा. गोळ्यांनी अब्बांच्या तोंडाची चव मेली होती; ते पाणीसुद्धा ओकत होते. आणि एका दुपारी त्या काचेपलीकडून ही ओवी आली, दोडक्याची. त्यामागोमाग अब्बा हसले. किती महिन्यांनी. त्या दिवशी डबा रिकामा परत आला, आणि युसरा तो रिकामा डबा पोटाशी धरून बसस्टॉपपर्यंत रडत गेली.

अब्बा बरे होऊन घरी आल्यावर एकदाच म्हणाले होते, "आँखें देखी, आवाज सुनी. नाम पूछना रह गया." त्यानंतर त्या वर्षाबद्दल घरात कुणी बोललं नाही. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, की शिकलेली पोरगी तू, हेच काम का निवडलंस? तेव्हाही ती नुसतीच गप्प बसली होती.

मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं. आशाबाई थांबल्या होत्या, टोपऱ्याच्या आतून तिच्याकडं बघत.

"झालं का, माय?"

युसरानं टोपरं काढलं. मास्क काढायला मदत केली. मग हातातले मोजे एकेक बोट सोडवत काढले, बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, आणि आशाबाईंचा हात हातात घेतला.

"मावशी, सात नंबरच्या खाटेवर माझे अब्बा होते."

या इमारतीत हे वाक्य तिनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. उच्चारल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. पंखा फिरत राहिला.

"कधी गं?"

"आठ वर्षं झाली. इब्राहीम नाव. शिलाई मशिनी दुरुस्त करतात."

आशाबाईंनी कपाळाला आठी घातली, आणि ती आठी हळूहळू उलगडत गेली.

"खोबऱ्याच्या तेलवाला? खाटंच्या चाकाला तेल घालत बसायचा तो? अगं, समद्या वॉर्डाच्या खाटांची कुरकुर घालवली त्यानं. डॉक्टर म्हणायचे, आराम कर. तर म्हणायचा, डॉक्टरसाब, हात बसले की जीव बसतो." त्या हसल्या. "त्यो तुझा बाप?"

"ते जेवत नव्हते. तुम्ही गायलात आणि जेवले. मी दाराबाहेर होते."

युसरानं आठ वर्षांत मनाशी कितीदा जुळवलं होतं, ती बाई भेटली तर काय काय सांगायचं. अब्बा बहिणीच्या पोरांना खांद्यावर घेतात, हे सांगायचं. रय्यानच्या, धाकट्या भावाच्या, पहिल्या पगाराची मिठाई त्यांनी स्वतःच्या हातानं वाटली, तेही सांगायचं. आत्ता त्यातलं एकही पुढं येईना. ती आशाबाईंचा हात नुसता धरून होती, आणि तिच्या अंगठ्याला त्या हाताच्या भेगा लागत होत्या.

"आता जेवतो का?" आशाबाईंनी विचारलं.

"मीठ कमी पडलं तर ताट सारतात."

"सारू दे. ताट सारणारा माणूस बरा असतो. जो काय बी बोलत नाय त्याचंच भ्या वाटतं." मग त्यांनी मोकळ्या हातानं डोळ्यांच्या कडा पुसल्या. "माझं काय त्यात, माय. सैपाक भटारखान्यातला, गोळ्या डॉक्टरच्या. मी नुसती बडबड करते."

"त्यासाठीच मी हे काम घेतलं, मावशी. तुम्हाला काही होऊ नये म्हणून. तुम्ही कोण ते माहीत नव्हतं तरी."

बराच वेळ आशाबाईंनी तिच्याकडं बघितलं, जसं आईनं लांबच्या गावाहून आलेल्या लेकीकडं बघावं. मग नजर टेबलावरच्या कागदाकडं गेली. वर त्यांचं नाव लिहिलेलं होतं आणि खाली दोन चौकोन होते, दोन्ही रिकामे.

"मग, बसला का मास्क?" त्यांनी हसत विचारलं. हसू ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

युसरानं पेन उचललं. एका चौकोनात बरोबरची खूण केली तर मावशी उद्या सकाळी वॉर्डात, सात नंबरपाशी, बारा नंबरपाशी. आठ वर्षांचे आभार तेवढ्या खुणेत सहज मावले असते. आणि गालापाशी हलणारी ती पांढरी बट तशीच हलत राहिली असती, श्वासाश्वासाला, गीताबाई सिस्टरांसारखा एखादा हिवाळा उजाडेपर्यंत. दुसऱ्या चौकोनात खूण केली तर धुलाईघर. तीही तिच्याच्यानं होईना. बावीस वर्षं वॉर्डात राबलेल्या बाईला तोंडावर खोटं पाडायचं, तेही आज?

तिनं पेन खाली ठेवलं. कपाट उघडून लहान मापाच्या मास्कचा खोका काढला आणि त्यातला एक टेबलावर ठेवला.

"हा तुमच्या चेहऱ्याला जास्त बसेल असं वाटतं," ती म्हणाली. आणि मग, आशाबाईंकडं न बघता, खोका बंद करत, सहज आठवल्यासारखं बोलत राहिली. रय्यान वाळूजला आहे, एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये. तिथल्या कामगारांचे मास्क यंत्रानं तपासतात. मास्कला एक नळी लावतात, आत किती कण शिरले ते यंत्रच मोजतं. माणसाला काही विचारावंच लागत नाही. कडू लागलं की गोड, काही नाही. गेल्या आठवड्यात तिनं साहेबांना विचारलं, तर साहेब कारखान्याला तसं पत्र द्यायला तयार होते. एखाद्याला औषधाची चव कळत नसेल, तर त्याला एक दिवस तिथं नेऊन आणता येईल. मग माप पक्कं कळेल, आणि तो माणूस वॉर्डातच राहील. धुलाईघराची गरज नाही.

"पण कुणाला कळत नाही, ते आधी त्या माणसानं सांगायला पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "मी आपल्या मनानं नाही लिहू शकत."

आशाबाईंनी लहान मास्क उचलला. उलटा केला, सुलटा केला. त्याच्या नाकावरची तार त्या अंगठ्यानं सरळ करत राहिल्या, ती केव्हाच सरळ होती तरी. बाहेर व्हरांड्यात ट्रॉलीचा आवाज आला, दुपारच्या जेवणाची ट्रॉली, आणि वॉर्डाच्या दिशेनं लांब गेला. त्यांची मान त्या आवाजाबरोबर वळली.

"मला काईच लागत नाय, माय," त्या दाराकडं बघतच म्हणाल्या. "कोरोनात गेली ती चव परत आलीच नाय. मीठ नाय, गूळ नाय. तू फवारलं ते कडू होतं का काय होतं, देव जाणे."

युसरानं हातातला खोका खाली ठेवला.

"एवढी वर्षं कुणालाच नाही सांगितलं? धुलाईघराच्या भीतीनं?"

"धुलाईघराला काय भ्यायचं? तिथं बी हातच लागतेत." आशाबाईंनी मास्क मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले. "त्या गोळ्यांनी तोंडाची माती व्हती गं माणसाची. तुझ्या बापाची झाली तशी. कोणी घास घेत नाय. मी भटारखान्यात आधी चाखून येते आन् सांगते, आज दोडका लई झ्याक झालाय. मावशीनं चाखलंय म्हणून घेतेत मग एक घास. अजून बी रोज चाखते मी. वाफ बघते, रंग बघते आन् सांगते. माझीच जीभ मेलेली हाय हे त्यांना कळलं, तर माझ्या शब्दावर कोण जेवंल?"

त्यांनी कागद युसराच्या पुढं सरकवला.

"लिही तू. खरं हाय ते लिही. फक्त वॉर्डात सांगू नको."